इयत्ता पहिली, तुकडी ‘पालक’

आपल्या देशात पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ नाही. मे २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तसं बजावलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राने राज्यांना परिपत्रक धाडलं आणि २०२० च्या दप्तर धोरणात तेच पुन्हा लिहून काढलं. सरकारी कागदांवर एरवी धूळ बसते. पण हा एक नियम महाराष्ट्रातल्या घराघरांत इतक्या कसोशीने पाळला जातो, की शिक्षण खात्याने पेढे वाटायला हवेत. पहिलीतलं मूल खरोखरच गृहपाठ करत नाही. त्याची आई करते.

रात्री साडेनऊला वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप येतो : ‘उद्या जलचक्राचं मॉडेल आणावं. मुलांना स्वतः करू द्यावं.’ मिनिटभरात चाळीस अंगठे उमटतात आणि चाळीस बाबा पायात चपला सरकवून कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानाकडे धावतात. दुकानदार जाणकार असतो. अर्धं शटर खाली ओढलेलं असतानाही चेहरा बघून विचारतो, ‘जलचक्र की सूर्यमाला?’ इकडे आजी ढगांसाठी कापसाच्या वाती उलगडते, आजोबा जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे शोधतात, आई निळ्या रंगात पाणी कालवते. ज्याचं जलचक्र, तो एव्हाना घोरत असतो. त्याला उठवण्यात अर्थ नसतो, कारण तो उठला तर रंग सांडेल.

तिसरी ते पाचवीसाठी धोरणाने आठवड्याला जास्तीत जास्त दोन तासांचा गृहपाठ ठरवून दिला आहे. म्हणजे सहा दिवसांत रोज वीस मिनिटं. शनीची कडी कापायलाच तेवढी लागतात. उरलेले ग्रह, त्यांची नावं, कडेची सोनेरी पट्टी आणि मागच्या बाजूला चिकटवायची छापील माहिती हे सगळं बहुधा धोरणकर्त्यांनी पालकांच्या खात्यावर टाकलं असावं. तिथे तासांची मर्यादा नाही.

हा प्रश्न जुना आहे. लेखक आर. के. नारायण राज्यसभेवर नियुक्त झाले आणि १९८९ साली तिथल्या पहिल्याच भाषणात मुलांच्या दप्तराचं ओझं घेऊन उभे राहिले. मग प्रा. यशपाल यांची समिती नेमली गेली. तिने १९९३ च्या अहवालात सांगितलं, की प्राथमिक वर्गांना गृहपाठ नकोच. फार तर मुलांनी घरच्या परिसरात काही शोधाशोध करावी. शाळांनी शिफारशीतला पहिला भाग आदराने बाजूला ठेवला आणि दुसरा उचलून धरला. तेव्हापासून घरच्या परिसरात शोधाशोध चालूच आहे : पाच प्रकारची पानं, सात प्रकारची कडधान्यं, आणि रात्री दहा वाजता सुरू असलेलं झेरॉक्सचं दुकान.

महाराष्ट्र सरकारने दप्तराशी मात्र प्रामाणिकपणे झुंज दिली. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून दप्तर जड नसावं, असा शासन निर्णय २०१५ मध्ये निघाला. मॉडेल दप्तरात मावत नाही, म्हणून ते या दहा टक्क्यांत येत नाही. ते स्कूटरच्या मागच्या सीटवर आईच्या मांडीवरून येतं. पुढे २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं बांधली, म्हणजे वेगळी वही नको. मुलांनी पुस्तकही नेलं आणि वहीही नेली. अखेर जानेवारी २०२५ मध्ये ती पानं काढून टाकण्याचा निर्णय झाला. मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेशही निघाला. त्याचा फायदा लगेच दिसला : रात्री लावलेला डिंक वाळायला वेळ मिळू लागला.

थर्माकोलची गोष्ट तर शासनालाच गृहपाठ म्हणून द्यावी अशी आहे. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात मार्च २०१८ पासून बंदी आहे. गणपतीचं मखर गेलं, पण शाळेच्या प्रकल्पातला इग्लू राहिला. ‘पर्यावरण वाचवा’ हा प्रकल्प आजही प्लास्टिकच्या चकचकीत फाइलीत घालून द्यावा लागतो, नाहीतर नीटनेटकेपणाचे गुण जातात.

सगळा दोष शाळेच्या माथी मारणंही बरं नाही. एखाद्या बाईंनी खरंच गृहपाठ थांबवला, की तिसऱ्या दिवशी पालकच फाटकाशी उभे असतात : ‘वही कोरी कशी? शिकवत नाही वाटतं काही?’ प्रदर्शनाच्या दिवशी त्याच पालकांच्या नजरा शेजारच्या मॉडेलवर असतात. एखाद्या पोराने खरोखरच स्वतःच्या हाताने केलेला, एका बाजूला कललेला, डिंकाचे ओघळ आलेला डोंगर पाहुण्यांना दिसू नये म्हणून मागच्या बाकावर सरकवला जातो. पहिलं बक्षीस मिळतं ते आर्किटेक्ट बाबांना, आणि ते घ्यायला मंचावर मुलगा जातो.

आता बीडच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत डोकावावं. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की तिथल्या कितीतरी मुलांचे आईबाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेले असतात. मूल आजीपाशी, नाहीतर हंगामी वसतिगृहात. ‘पालकांच्या मदतीने करा’ ही सूचना त्यालाही तीच असते. आजीला अक्षर येत नाही, गावात प्रिंटर नाही, आणि रंगीत चित्रांच्या तक्त्याच्या पैशात दोन दिवसांची भाजी येते. या मुलाचा प्रकल्प जमा होत नाही, तेव्हा त्याच्या नावापुढे रिकामी राहणारी चौकट असते ती घरच्या परिस्थितीची. गुण मात्र मुलाचे जातात.

दप्तर धोरणात एक सूचना मोठी मजेदार आहे : लहान मुलांनी संध्याकाळ कशी घालवली, काय खेळलं, काय खाल्लं, हे त्यांना वर्गात बोलू द्यावं. बाईंनी हे एकदा जरूर करून पाहावं. ‘आई डोंगर रंगवत होती, बाबा दुकानात गेले होते, मी मोबाइल बघत होतो,’ असं उत्तर आलं तर मुलाला रागावू नये. तेवढाच त्या दिवसाचा अस्सल गृहपाठ.

आणि पालकहो, येत्या पालकसभेला जाताना २०२० च्या धोरणातलं गृहपाठाचं पान सोबत न्या आणि मुख्याध्यापकांपुढे ठेवा. पहिली-दुसरीला काही नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला दोन तास. तोवर रात्री साडेनऊच्या निरोपाला अंगठा देणं थांबवा आणि पोराचा वाकडा डोंगर जसा आहे तसाच शाळेत पाठवा.