चकाकीचा जाच

वर्गातला फळा चकाकू नये, ही मागणी फार मोठी नाही. तरीही शाळेची रंगरंगोटी निघाली की फळ्यालाही काळ्या तेलरंगाचा हात मारला जातो. मग खिडकीच्या विरुद्ध बाजूला बसणाऱ्या मुलांना वर्षभर लिहिलेल्या अक्षरांऐवजी उजेडाचा पांढरा पट्टा दिसत राहतो. ती डोळे बारीक करतात, मान वाकडी करतात, शेवटी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतात आणि त्याबद्दल बोलणीही खातात. त्याच फळ्यावर त्यांना आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असतात, हे शिकवलं जातं. पृष्ठभाग खरखरीत असेल तर तोच उजेड चहूकडे विखुरतो आणि फळा सगळ्यांना सारखाच दिसतो, हेही पुस्तकात आहे. खरखरीत फळ्यावर खडूही चांगला उठतो. मग तेलरंग कशासाठी?

दुसरी तक्रार संग्रहालयांबद्दल. जुनं तैलचित्र पाहायला जावं, तर काचेत समोरची खिडकी, डोक्यावरची ट्यूबलाइट आणि आपलाच पांढरा सदरा दिसतो. यात काचेचा दोष नाही. साधी काच समोरून आलेल्या उजेडापैकी सुमारे चार टक्के एका पृष्ठभागावरून परत पाठवते. दोन पृष्ठभाग मिळून आठ टक्के. आकडा किरकोळ वाटतो, पण गडद चित्रातल्या सावल्या तरी कितीसा उजेड परत देतात? तिथे काचेतला सदरा चित्रकाराच्या कामावर मात करतो. चित्रकाराने महिनोन्‌महिने खपून रंगवलेला अंधार आपल्याला बघायलाच मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यावर उपाय नाही असंही नाही. झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी 1935 मध्ये भिंगांवर अतिपातळ थर चढवून परावर्तन कमी करण्याची पद्धत शोधली. थराची जाडी प्रकाशाच्या त्या थरातल्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांश ठेवायची. मॅग्नेशियम फ्लोराइडचा थर असेल तर ती जाडी सुमारे 100 नॅनोमीटर भरते. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लाटा मग एकमेकींच्या विरुद्ध पडतात आणि बऱ्याच अंशी एकमेकींना विझवतात. अशा लेपाचे चष्मे आज गल्लीतल्या दुकानात मिळतात. चष्म्याला जे मिळतं ते चित्राला का मिळू नये?

लेपाची काच महाग पडते, हे मान्य. पण बिनखर्चाचा उपाय आपल्या जुन्या घरांत होताच. आजोबा-पणजोबांच्या तसबिरी उंचावर टांगायच्या, पण वरची कड भिंतीपासून पुढे झुकलेली. चौकट दहा अंश झुकवली की काचेवरून परतणारा किरण वीस अंश वळतो. मग वरच्या झरोक्याचा झोत डोळ्यांत येत नाही आणि खालून पाहणाऱ्याला चेहरा स्वच्छ दिसतो. आता तसबिरी भिंतीला सपाट चिकटवतात आणि नेमका त्यांच्यासमोर दिवा लावतात.

चकाकीने फार तर डोळे दुखतात. अपवर्तनाकडे केलेलं दुर्लक्ष जिवावर बेततं, म्हणून शेवटची तक्रार सर्वांत गंभीर. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे 1.33 आहे. त्यामुळे सरळ वरून पाहिलं तरी तळ खऱ्या खोलीच्या तीन चतुर्थांशावर असल्यासारखा दिसतो. सहा फूट पाणी साडेचार फूट वाटतं. काठावरून तिरकं पाहिलं तर त्याहूनही उथळ. साडेपाच फूट उंचीचा, पोहता न येणारा मुलगा स्वच्छ पाण्याचा तळ बघून ‘इथे पाय टेकतील’ असं ठरवतो, तेव्हा तो बेफिकीर नसतो. डोळ्यांनी दिलेल्या साक्षीवर त्याने विश्वास ठेवलेला असतो. खाणीच्या, तलावाच्या किंवा विहिरीच्या काठावर मात्र ‘पाणी खोल आहे, सावधान’ एवढीच पाटी असते. खोल म्हणजे किती? तळ समोर दिसत असताना ही पाटी त्याला कशी पटावी?

पाटीवर फूट लिहा. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात पातळी बदलते, म्हणून काठाच्या दगडावर किंवा भिंतीवर तळापासून मोजलेल्या खुणा रंगवा, आणि त्यांच्याशेजारी ठळक लिहा: पाणी दिसतं त्याहून खोल आहे.