अण्णांचा तपास

अण्णांना कुत्री आवडत नाहीत. हे मी माझ्या मनाने सांगत नाही, त्यांच्या तीन अर्जांत लेखी आहे. पहिला अर्ज आमच्या गुंड्याच्या भुंकण्याबद्दल, दुसरा जिन्यात पडणाऱ्या त्याच्या केसांबद्दल आणि तिसरा, पहिल्या दोन अर्जांवर सोसायटीने काहीही कार्यवाही न केल्याबद्दल. तिन्हींच्या पोचपावत्या अण्णांच्या कपाटात आहेत. हयातभर सरकारी लेखापरीक्षेत राहून ग्रामपंचायतींच्या कीर्दी तपासलेला माणूस. निवृत्तीनंतर तपासायला आम्हीच उरलो होतो.

कोथरूडच्या बहुतेक सोसायट्यांत असे एक अण्णा असतात. एरवी लोक त्यांना लिफ्टमध्ये टाळतात. पण कुणाची सायकल जाऊ दे, कुणाचं पाकीट पडू दे, की अण्णांच्या गालांवर रंग चढतो. दुसऱ्याचं काही हरवल्याशिवाय ह्यांना स्वतःचा सूर सापडत नाही.

गुंड्या गेला त्या सकाळी मी रडवेल्या बायकोला धीर देत होतो. धीर द्यायला आणखीही माणसं जमली होती. एकाच्या मेहुण्याचा लॅब्रॅडोर असाच गेला होता, तो काही परत मिळाला नाही. दुसऱ्याच्या माहितीप्रमाणे अशी कुत्री रातोरात परराज्यात जातात. एवढ्यात अण्णा आले. काखेत फाईल, खिशाला दोन पेनं.

"ग्रिलचं दार कोणी उघडं ठेवलं?"

मी हात वर केला. दूध घेताना राहिलं होतं.

"ठीक. जबाबदारी निश्चित झाली," असं म्हणून त्यांनी ते लिहून घेतलं आणि माझ्याच खुर्चीत बसले.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पणींनी लपवलेल्या गाईंचा माग काढायला इंद्र सरमा नावाच्या कुत्रीला धाडतो. आमच्याकडे चोरीला कुत्राच गेला होता, तेव्हा मागावर अण्णांना धाडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. खरं तर धाडलं नाहीच कुणी. ते आधीच निघाले होते.

कॅमेऱ्याचं चित्रण त्यांनी अकरा वेळा पाहिलं. सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी हेल्मेटवाला एक इसम स्कूटर थांबवतो, खिशातून बिस्किट काढतो. गुंड्या शेपूट हलवत त्याच्या मागे जातो आणि स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी, घरची गाडी असल्यासारखा, उडी मारून बसतो. भुंकला नाही, की एकदा मागे वळून पाहिलं नाही.

"म्हणजे आपणहून गेला की हो हा!" बायको म्हणाली. चोरीपेक्षा हे तिला जास्त लागलं होतं.

"वहिनी, कायद्यात कुत्र्याच्या संमतीला किंमत नाही. संमती तुमची लागते," अण्णा म्हणाले आणि त्यांनी घरून दोन पुस्तकं आणवली. एक जुनी भारतीय दंड संहिता, एक नवी भारतीय न्याय संहिता. मला वाटलं, आता व्याख्यान. पण त्यांनी दाखवलं ते वाचून मी सरळ होऊन बसलो. चोरीची व्याख्या करताना कायद्यानेच एक उदाहरण दिलंय. खिशात कुत्र्याला भुलवणारं खाणं ठेवून कुणी लबाडीने दुसऱ्याचं कुत्रं मागे यायला लावलं, तर कुत्रं मागे चालू लागताक्षणीच चोरी पुरी झाली. १८६० च्या संहितेत हे ३७८ व्या कलमाखाली होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ते ३०३ व्या कलमाखाली जसंच्या तसं येऊन बसलंय. सरकारं बदलली, कलमांचे आकडे बदलले, कुत्रं मात्र बिस्किटामागे चालतंच आहे.

पोलीस चौकीतले हवालदार सज्जन होते.

"नाव?"

"गुंड्या," मी म्हणालो.

"वा. म्हणजे संशयित माहितीतलाच आहे."

हा घोळ निस्तरल्यावर त्यांनी खरा अवघड प्रश्न विचारला. किंमत किती?

"फुकटच आणला होता हो," बायको प्रामाणिकपणे म्हणाली. "बहिणीच्या पॉमेरियनची पिल्लं. बाप कोण ते नक्की नाही."

अण्णांनी डोळे मिटून घेतले. चौकीत शिरण्यापूर्वी जिन्यात त्यांनी आम्हाला तीनदा बजावलं होतं. नव्या कायद्यात चोरीच्या मालाची किंमत पाच हजारांच्या आत असली, तर गुन्हा अदखलपात्र ठरतो. पोलीस नोंद करून घेतात, पण न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. पुढे चोर सापडला, त्याची पहिलीच खेप असली आणि त्याने माल परत केला, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. म्हणजे आमचा गुंड्या पाच हजारांच्या वर गेल्याशिवाय त्याच्यामागे कुणी धावणार नव्हतं.

"साहेब, संपादनाचा खर्च वेगळा आणि बाजारभाव वेगळा," अण्णांनी लेखापरीक्षकाच्या सुरात सुरुवात केली. वाटेत ते प्राण्यांच्या दुकानात शिरून पॉमेरियनच्या पिल्लाचा दर कागदावर लिहून घेऊन आले होते. त्यातून वय वजा, अनिश्चित पित्यापोटी घट वजा, मग संगोपन आणि लसीकरण अधिक. बेरीज झाली सहा हजार आठशे. ज्या प्राण्याला तिसऱ्या अर्जात त्यांनी 'सोसायटीवरील निव्वळ बोजा' म्हटलं होतं, त्याचं मूल्यांकन ते चौकीत उभं राहून घाम पुसत वाढवत होते.

मग मालकीचा पुरावा. महापालिकेचा परवाना होता, पण नूतनीकरण राहिलं होतं. ("माहीत आहे मला," अण्णा.) लसीच्या पुस्तकात नुसतं 'गुंड्या, पांढरा'. पांढरी कुत्री पुण्यात काय कमी आहेत? तेव्हा अण्णांनी फाईलीतून आपले तीन अर्ज काढले. पांढरा रंग, डाव्या कानावर तपकिरी ठिपका, आखूड शेपूट, कर्कश आवाज, फ्लॅटचा क्रमांक, तारीख, सोसायटीचा शिक्का. आमच्या घरात गुंड्याचे दोन-चारशे फोटो निघतील. पण तो आमचा आहे हे शिक्क्यानिशी लिहून ठेवलं होतं ते त्याच्या वैऱ्याने. हवालदारांनी तिन्ही अर्ज मन लावून वाचले आणि फिर्याद लिहायला घेतली.

दरम्यान आमचे पशुवैद्य म्हणाले, चिप बसवायला हवी होती. अण्णा उसळले. चिप असती तर नकाशावर दिसला नसता का? डॉक्टरांनी समजावलं की चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिला बॅटरी नसते आणि ती कुठूनही हाक मारत नाही. यंत्र अंगावरून फिरवलं तर पंधरा आकडी क्रमांक सांगते, तोही आधी कुठेतरी नोंदवलेला असला तरच उपयोगी. "म्हणजे आवक क्रमांक," अण्णा म्हणाले आणि शांत झाले.

पत्रकाचा मसुदा त्यांनीच केला. पहिल्या खर्ड्यात 'विषय: श्वान चोरीस गेल्याबाबत' अशी सुरुवात होती, ती बायकोने खोडली. विजेच्या खांबांवर चिकटवायला मात्र अण्णांनी साफ मनाई केली, कारण मालमत्ता विद्रूपीकरणाचा १९९५ चा कायदा. म्हणून पत्रकं इस्त्रीवाला, किराणा, चहाची टपरी अशी गेली. त्यांची एक चाल मात्र वाखाणण्यासारखी. कानावरचा ठिपका पत्रकात घातला, पण मागच्या उजव्या पायाचं एक नख नाही, हे मुद्दाम गाळलं. दुसऱ्याच दिवशी फोन आला. कुत्रा माझ्याकडे आहे, तीन हजार ऑनलाइन टाका, पत्ता पाठवतो. बायको पैसे टाकायला निघालीच होती. अण्णांनी फोन हिसकावला. "नख कोणत्या पायाचं नाही, तेवढं पाहून सांगा." पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "पुढच्या." फोन बंद. अण्णांनी वहीत लिहिलं: 'आक्षेप निकाली.' कुणाचं जनावर गेलं असेल त्याने एवढं तरी ध्यानात ठेवावं: एक खूण पोटात ठेवावी.

गुंड्या सापडला तो मात्र ह्यातल्या कशानेच नाही. कचरा न्यायला येणाऱ्या मावशी उत्तमनगरला राहतात. नवव्या दिवशी त्या दारातूनच म्हणाल्या, "तुमचा तो अण्णांवर भुंकणारा पांढरा ना? आमच्या मागच्या गल्लीत बांधलाय की." गुंड्याची ही ओळख सगळ्या कोथरूडभर पसरल्याचं अण्णांना तेव्हाच कळलं. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

हवालदार, मी, बायको आणि अण्णा असे आम्ही गेलो. ज्याच्या दारात गुंड्या होता तो माणूस भला होता. एका स्कूटरवाल्याकडून सहा हजारांना विकत घेतला, म्हणाला. (अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मान खाली घातली. बाजारभाव!) पण त्याची मुलं कुत्र्याला बिलगून बसलेली. तुमचाच कशावरून, त्याने विचारलं. बायकोने "गुंड्या" म्हणून हाक मारली. गुंड्याने शेपूट हलवली. मुलांनी "टॉमी" म्हटलं, तेव्हाही हलवली. मी बोलावलं, हलवली. हवालदारांसाठी तर जरा जास्तच हलवली. कानाचा ठिपका झाला, नखाची खूण झाली. तरी त्या धाकट्या मुलीचा चेहरा पाहून आम्हा सगळ्यांचेच पाय जड झाले होते.

अण्णा तेवढे मागे राहिले होते, रिक्षावाल्याकडे सुट्या पैशांचा हिशेब करत. फाईल काखेत मारून ते फाटकातून आत आले मात्र, गुंड्या ताडकन उठला, दोरीला हिसका देऊन मागच्या दोन पायांवर उभा राहिला आणि नऊ दिवसांचं साचलेलं सगळं भुंकणं त्याने एकट्या अण्णांवर रिकामं केलं.

"ह्यांचाच आहे," तो माणूस म्हणाला. "इथे आल्यापासून एकदा तोंड उघडलं नव्हतं त्याने."

पंचनाम्यात मुद्देमालाने अण्णांना ओळखल्याचा उल्लेख घ्यावा, असा आग्रह अण्णांनीच धरला. हवालदारांनी तो घेतला नाही. स्कूटरवाल्याचा पत्ता अजून लागलेला नाही. त्या धाकट्या मुलीसाठी बायकोच्या बहिणीकडे पुढच्या पिल्लांत एक राखून ठेवायला सांगितलंय.

पुढच्या सोमवारी सोसायटीच्या कार्यालयात अण्णांचा चौथा अर्ज आला. विषय: सदर श्वानाच्या भुंकण्याचा उपद्रव पूर्ववत सुरू झाल्याबाबत. सोबत जोडलेली कागदपत्रे: पूर्वीचे तीन अर्ज, आणि प्रथम खबरी अहवालाची प्रत.