छेदातले पूर्वज

वर्कस्टेशन म्हणजे एका वेळी एकाच माणसाने वापरावयाचा असा संगणक, की ज्याच्यापुढे बसणाऱ्याचे काम कचेरीतील इतरांच्या कामापेक्षा फार महत्त्वाचे आहे अशी त्याच्या संस्थेची, किंवा निदान त्याची स्वतःची, खात्री असते. १९८० च्या दशकात अपोलो, सन आणि सिलिकॉन ग्राफिक्स या कंपन्यांनी अशी यंत्रे अभियंते, संशोधक आणि चित्रपटकार यांच्या टेबलांवर आणून ठेवली. वर्कस्टेशन म्हणवून घेण्यासाठी यंत्राकडे एक मेगाबाइट स्मृती, दहा लाख ठिपक्यांचा पडदा आणि सेकंदाला दहा लाख सूचना पार पाडण्याची ताकद असावी, असा तेव्हाचा संकेत होता; त्याला चौथी अट म्हणून किंमत ‘मेगापेनी’च्या, म्हणजे दहा लाख सेंटच्या किंवा दहा हजार डॉलरच्या, आत असावी असे जोडले जाई. पहिल्या तीन अटी यंत्रांनी लवकरच पार केल्या आणि चौथी अट विक्रेत्यांनी लवकरच विसरून टाकली.

अशा दोन यंत्रांपैकी वेगवान कोणते हे ठरवण्यासाठी जो ठरावीक प्रोग्राम दोन्हींवर चालवून वेळ मोजली जाते, त्याला बेंचमार्क म्हणतात. मात्र नुसती वेळ सांगितल्याने कोणाचेही समाधान होत नाही, म्हणून एखादे जुने यंत्र प्रमाण मानून त्याच्या वेळेला नव्या यंत्राच्या वेळेने, म्हणजेच नव्याच्या वेगाला जुन्याच्या वेगाने, भागतात आणि येणाऱ्या आकड्याला गुण म्हणतात. याचा अर्थ असा की नव्या यंत्राची प्रत्येक बढाई ही मुळात एका निवृत्त यंत्राशी केलेली तुलना असते. ते निवृत्त यंत्र बहुधा केव्हाच भंगारात गेलेले असते, परंतु त्याच्या नावाचा एक अंक सर्वांच्या निकालपत्रात कायमचा राहिलेला असतो.

या पूर्वजांतील सर्वांत मानाचे स्थान डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या १९७७ सालच्या व्हॅक्स-११/७८० या यंत्राचे आहे. ते वर्कस्टेशन नव्हते, कपाटाएवढा मिनिकॉम्प्युटर होता, पण पुढच्या सगळ्या वर्कस्टेशनांना त्याच्याच मापाने मोजले गेले. ‘मिप्स’ म्हणजे सेकंदाला दहा लाख सूचना हे एकक, आणि व्हॅक्सची क्षमता बरोबर एक मिप्स मानली जाई. कारण त्याचा वेग आयबीएमच्या एका यंत्राच्या जवळपास भरत होता आणि ते यंत्र एक मिप्सचे आहे असे सर्वांनी आधीच धरून ठेवले होते. पुढे १९८४ साली एमर आणि क्लार्क या संशोधकांनी प्रत्यक्ष मोजून पाहिले, तेव्हा असे निष्पन्न झाले की व्हॅक्सला एका सूचनेसाठी सरासरी १०.६ घड्याळठोके लागतात, आणि त्याचे घड्याळ सेकंदाला पन्नास लाख ठोके देत असल्याने ते जेमतेम अर्धा मिप्स काम करते. एवढे सिद्ध झाल्यावर माप बदलले जाईल अशी कोणाची अपेक्षा असेल, तर तिला शास्त्राच्या इतिहासाचा आधार नाही. माप तसेच राहिले. त्याच वर्षी सीमेन्सच्या राइनहोल्ड वायकर यांनी ड्राइस्टोन नावाचा बेंचमार्क प्रसिद्ध केला. व्हॅक्सवर त्याची सेकंदाला १७५७ आवर्तने होतात असे ठरले, आणि तेव्हापासून कोणत्याही प्रोसेसरच्या आवर्तनांना १७५७ ने भागून ‘ड्राइस्टोन मिप्स’ काढण्याची प्रथा पडली. ही प्रथा इतकी चिवट आहे की आर्म कंपनीच्या कॉर्टेक्स-एम३ या बारक्या प्रोसेसरची लायकी आजही दर मेगाहर्ट्झला १.२५ ड्राइस्टोन मिप्स अशी सांगतात, आणि अर्ध्या मिप्सच्या त्या कपाटाला एक मिप्सचा मान अजून विनातक्रार मिळत राहतो.

या गोंधळाला कंटाळून १९८८ साली अपोलो, ह्युलेट-पॅकार्ड, मिप्स आणि सन या कंपन्यांनी ‘स्पेक’ नावाची संस्था काढली. एकमेकींचे आकडे खोटे आहेत याविषयी या कंपन्यांचे एकमत असल्याने सहकार्याचा पाया भक्कम होता. स्पेकने खेळण्यातल्या प्रोग्रामांऐवजी खऱ्या कामाचे प्रोग्राम घेतले आणि पहिल्या संचात प्रमाण म्हणून पुन्हा व्हॅक्सच ठेवला; पुढे मात्र ही गादी सन कंपनीकडे गेली. १९९५ च्या संचात स्पार्कस्टेशन १०, २००० च्या संचात अल्ट्रा ५, २००६ च्या संचात १९९७ सालचे अल्ट्रा एंटरप्राइझ २ आणि २०१७ च्या संचात सन फायर व्ही४९० अशी ही परंपरा आहे. (सनच्या संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा, तेव्हा जगातील संगणकांच्या गुणपत्रिकेचा छेद काही अंशी पुणेरी ठरतो, ही गोष्ट पुण्याबाहेरच्या वाचकांच्या माहितीसाठी नोंदवणे इष्ट.) सन कंपनी २०१० साली ओरॅकलने विकत घेतली, आणि २०१७ चा संच निघाला तेव्हा प्रमाणयंत्राची जन्मदाती कंपनी अस्तित्वात नव्हती. २००६ च्या संचाच्या मूळ चाचण्या प्रमाणयंत्रावर नियमाबरहुकूम पार पडायला सुमारे बारा दिवस लागत, असे स्पेकनेच सांगून ठेवले आहे. पन्नास गुण मिळवणारे नवे यंत्र मिरवले जाते तेव्हा त्या पन्नासाच्या मागे बारा दिवस निमूट गणित करणारे हे म्हातारे असते, आणि जाहिरातीत त्याचा फोटो छापण्याचे सौजन्यही कोणी दाखवीत नाही.

युनिक्सबेंच या चाचणीने तर आपल्या प्रमाणयंत्राला जॉर्ज असे नावही दिले. जॉर्ज हे १२८ मेगाबाइट स्मृतीचे स्पार्कस्टेशन २०-६१. त्याचे गुण कायमचे दहा. याच कुळातील ११७ स्पार्कस्टेशन २० एकत्र जोडून पिक्सारने १९९५ साली ‘टॉय स्टोरी’ची चित्रे तयार केली, त्यामुळे घराण्याच्या कर्तबगारीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आज भाड्याचा आभासी सर्व्हर घेणारा तरुण ‘माझे दोन हजार आले’ असे अभिमानाने सांगतो, तेव्हा तो प्रत्यक्षात ‘मी दोनशे जॉर्ज भाड्याने घेतले’ असे म्हणत असतो आणि त्याला त्याची कल्पनाही नसते.

गुण आले की गुण वाढवण्याच्या युक्त्याही येतात. स्पेकच्या १९८९ च्या संचात मॅट्रिक्स३०० नावाचा गुणाकाराचा एक प्रोग्राम होता, ज्याचा जवळजवळ सगळा वेळ एकाच ओळीत जात असे. कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारे सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्यांनी त्या एका ओळीवर असे लक्ष केंद्रित केले की आयबीएमच्या एका वर्कस्टेशनवर तो प्रोग्राम सुमारे नऊ पट वेगाने धावू लागला, आणि हे करताना यंत्रातला एक स्क्रूही कोणी हलवला नव्हता. १९९२ च्या संचातून मॅट्रिक्स३०० काढून टाकण्यात आला. याहून रंजक प्रकरण २००१ चे आहे. एटीआय कंपनीच्या रेडिऑन ८५०० या ग्राफिक्स कार्डावर ‘क्वेक ३’ हा खेळ विशेष वेगाने चालत असे; चौकस परीक्षकांनी खेळाच्या फाइलचे नाव बदलून ‘क्वॅक’ केले, तर वेग उतरला आणि चित्रे सुधारली. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, नाव वाचून वागत होता. नाव वाचून वागणूक ठरवण्याची ही पद्धत आपल्या समाजाला अपरिचित नाही, तरी एखाद्या सिलिकॉनच्या तुकड्याने ती इतक्या लवकर आत्मसात करावी याचे त्या काळी आश्चर्य वाटले. आणि हा प्रकार जुन्या काळापुरता होता असेही नाही. इंटेलचा कंपायलर एका विशिष्ट चाचणीला जास्तच ओळखतो असे आढळल्यावरून २०२४ साली स्पेकने दोन हजार सहाशेहून अधिक प्रसिद्ध निकालांवर शेरा मारला.

सर्वसामान्य माणूस मात्र स्पेकच्या वाटेला जात नाही. तो गीकबेंच नावाची चाचणी चालवतो. येथेही प्रमाणयंत्र आहेच, फक्त ते प्रत्येक आवृत्तीत बदलते. चौथ्या आवृत्तीत इंटेलच्या कोअर आय७-६६००यू ला ४००० गुण, पाचवीत कोअर आय३-८१०० ला १०००, सहावीत कोअर आय७-१२७०० ला २५००. त्यामुळे एकच जुने यंत्र एका वर्षी हजारांत असते, पुढच्या आवृत्तीत शेकड्यांत येते आणि त्यानंतर पुन्हा थोडे सावरते, यात यंत्राचा काहीही दोष नसतो. जुन्या अकरावी मॅट्रिकचे बासष्ट टक्के आणि आजच्या दहावीचे त्र्याण्णव टक्के यांवरून मराठी घरांत जेवणानंतर जो वाद होतो, तोच वाद येथे होतो, आणि तितक्याच निर्णायकपणे अनिर्णित राहतो.

या वादातले पक्ष ओळखणे कठीण नाही. २०११ साली इंटेलने झिऑन एक्स५६९० हा सहा गाभ्यांचा, म्हणजे सहा स्वतंत्र गणनाकेंद्रांचा, प्रोसेसर १६६३ डॉलरना बाजारात आणला. एचपीच्या झेड८०० सारख्या वर्कस्टेशनात असे दोन बसत, आणि त्या यंत्राच्या पेटीची रचना बीएमडब्ल्यूच्या डिझाइन विभागाने केलेली असल्यामुळे ते उचलताना मालकाला आपण मोटारच उचलतो आहोत असे वाटायला पुरेशी सामग्री होती. आज या पिढीची यंत्रे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या मालात मिळतात, आणि ती घेणारा मनुष्य पुढील दहा वर्षे आपण केलेला सौदा सिद्ध करण्यात घालवतो. त्याच्या यंत्रासमोर २०२० चा अॅपलचा एम१ हा, पंख्याशिवाय चालणाऱ्या बारीक लॅपटॉपमध्येही बसणारा, प्रोसेसर ठेवला की पाचव्या गीकबेंचमध्ये एका गाभ्याच्या मोजणीत तो झिऑनच्या दुपटीहून पुढे जातो, तर सर्व गाभ्यांच्या एकत्रित मोजणीत एकीकडचे बारा आणि दुसरीकडचे आठ यांची जवळपास बरोबरी होते. परिणामी नव्या यंत्राचा मालक फक्त पहिला आकडा सांगतो, जुन्याचा फक्त दुसरा. दोघेही खरे बोलतात. खोटे बोलण्याची गरजच पडत नाही, ही या शास्त्राची सर्वांत मोठी सोय आहे.

२०२३ च्या सहाव्या आवृत्तीने जुन्या पक्षावर आणखी एक घाव घातला. आधीच्या आवृत्त्यांत प्रत्येक गाभ्याला वेगळे काम मिळे, त्यामुळे गाभे वाढले की गुण वाढत. नव्या आवृत्तीत सर्व गाभ्यांनी मिळून एकच काम करावयाचे असते. एका कामावर माणसे वाढवत गेल्यास कामाचा न वाटता येणारा भाग उरतोच आणि शेवटी तोच सगळ्यांना अडवून धरतो, हे जीन अॅमडाल यांनी १९६७ सालीच मांडले होते. सरकारी कचेऱ्यांना ते त्यापूर्वीही ठाऊक होते. बारा गाभ्यांचे गुण घसरले, तेव्हा जुन्या पक्षाने नियमाप्रमाणे चाचणीच सदोष असल्याचे जाहीर केले, आणि जुनी आवृत्तीच खरी, हा आपला सिद्धांत ठामपणे पुढे मांडला.

गुणपत्रिकेत न येणाऱ्या गोष्टींची यादी मोठी आहे. दोन झिऑनांचे यंत्र काही न करता दीडशे वॉट खाते असे धरले, तर महिनाभर चालू ठेवल्यास केवळ बसून राहण्याचे १०८ युनिट होतात. उलट चूक सुधारणारी इसीसी स्मृती, भरपूर स्लॉट आणि पेचकसाशिवाय उघडणारी पेटी यांचे गुण कोणी देत नाही. नव्या यंत्राची स्मृती वाढवता येत नाही याबद्दल त्याचे गुण कापलेही जात नाहीत.

महाराष्ट्रातील छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत मात्र या तुलनेचा निकाल वेगळ्याच निकषावर लागतो. २००१ साली निघालेल्या पेजमेकर ७ मध्ये, युनिकोडपूर्व काळातल्या मराठी फाँटांत, लग्नपत्रिका, दिवाळी अंक आणि पतपेढ्यांचे अहवाल जुळवलेले असतात; तो मजकूर दुसऱ्या यंत्रावर दुसऱ्या फाँटात उघडला की वधूपित्याच्या नावाच्या जागी निव्वळ चिन्हे उमटतात. त्यातच एखाद्या सॉफ्टवेअरचा परवाना पॅरलल पोर्टला लावायच्या डोंगलमध्ये असेल, तर तो पोर्ट ज्याला आहे ते यंत्र, त्याचे गुण कितीही असोत, दुकानातून हलत नाही. अशा दुकानात मुलाने हौसेने आणलेले नवे यंत्र दर्शनी टेबलावर असते, जुने आतल्या खोलीत असते. गिऱ्हाईक आले की फाइल आत जाते, जुन्यावर उघडते, दुरुस्त होते, पीडीएफ होऊन पेनड्राइव्हवरून बाहेर येते आणि नव्या यंत्राच्या मोठ्या पडद्यावर गिऱ्हाइकाला दाखवली जाते. उरलेल्या वेळात नव्या यंत्रावर गीकबेंच चालवतात.