प्रगती कळली, आता चौकशी होणार

आमच्या भागातल्या एका महाविद्यालयातल्या काही पोरांनी मोठी आगळीक केली आहे. पदवी पदरात पडायला अजून किती क्रेडिट बाकी आहेत, हे विद्यार्थ्याला घरबसल्या कळावे म्हणून त्यांनी एक वेबपान बनवले. ना परिपत्रक, ना निविदा, ना उद्घाटनाला मंत्री. थेट काम!

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवी म्हणजे नुसते पास-नापास राहिलेले नाही. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, ओजेटी, सीईपी. ही यादी वाचून पालक थेट केमिस्टचे दुकान गाठतील. तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट लागतात, आणि तेही प्रत्येक कप्प्यात ठरल्याइतकेच. एका कप्प्यात दोन कमी पडले, तर दुसऱ्यात चार जास्त असून उपयोग नाही.

हे सगळे जपायला 2021 पासून क्रेडिटची बँक आहे. खाते विद्यार्थ्याच्या नावावर, भरणा मात्र संस्थेनेच करायचा. संस्थेने केला नाही तर खातेदाराने काय करायचे? खिडकीवर जायचे. खिडकीवर मॅडम जेवायला गेलेल्या असतात. त्या आल्या की सर्व्हर जेवायला जातो.

पोरांनी केले ते असे. निकालाचे गॅझेट पीडीएफमध्ये होते, तेही तिरके स्कॅन केलेले. त्यातले आकडे त्यांनी रात्री जागून हाताने टंकले आणि परिपत्रकांतले नियम शुद्धिपत्रकांसकट लावले. आता आसनक्रमांक आणि पासवर्ड टाकला की मिळालेले हिरव्यात आणि अडलेले तांबड्यात दिसते. पाचव्या सत्रातल्या एका मुलीला तिथे ‘आयकेएस : 2 पैकी 0’ दिसले. भारतीय ज्ञानप्रणालीचा हा विषय तिने पहिल्याच सत्रात पास केला होता. गुण मात्र ओईच्या, म्हणजे खुल्या ऐच्छिक विषयाच्या, रकान्यात जाऊन बसले होते. एरवी हा शोध सहाव्या सत्रानंतर, ‘निकाल राखीव’ या दोन शब्दांत लागला असता आणि तोवर पुढच्या प्रवेशाची मुदत टळली असती.

साहजिकच समिती बसली. पहिला आक्षेप गोपनीयतेचा : विद्यार्थ्याची माहिती विद्यार्थ्याच्याच हाती लागली! (दुसऱ्याचे गुण दिसू नयेत म्हणून पोरांनी पासवर्ड ठेवला होता. तो जन्मतारीख नव्हता, यावरूनच हे अधिकृत पोर्टल नाही हे सिद्ध झाले.) दुसरा आक्षेप असा की पान फुकट आहे. फुकट चालणाऱ्या वस्तूचे वार्षिक देखभाल कंत्राट कुणाला द्यायचे?

एका ज्येष्ठ सदस्यांनी अनुभवाचे बोल ऐकवले. 2017 साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. कुलपतींनी दिलेली 31 जुलैची मुदत हुकली, मुले निकालाविना ताटकळली आणि ऑक्टोबरात कुलगुरूंनाच पदावरून जावे लागले. यावरून एखाद्याने धडा घेतला असता की आधी नीट तपासून मग यंत्रणा लावावी. सदस्यांनी घेतलेला धडा वेगळा : संगणकापासून जपून राहावे.

तरीही समिती पुरोगामी आहे. पान बंद न करता त्यात ‘सुधारणा’ सुचवल्या आहेत. ते कार्यालयीन वेळेतच उघडावे. दिसलेली माहिती तीन प्रतींत छापून प्राचार्यांच्या सहीशिक्क्याने खिडकीवर जमा करावी. तांबडा रंग नकारात्मक वाटतो, तेव्हा अडलेली क्रेडिटही हिरव्यातच दाखवावीत.

आम्हाला विचाराल तर त्या पोरांना याच कामाचे ओजेटीचे, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाचे, क्रेडिट द्यायला हवे. पण ते भरायचे कुणी? संस्थेनेच.

समितीची पुढची बैठक परीक्षा आटोपल्यावर आहे. तोवर पान सुरू आहे. पाचव्या सत्रातल्यांनो, आजच आपला क्रमांक टाकून बघा, आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा.