पहिला पसंतीक्रम सरांचा

अमेरिकेतली बारावीची पोरं नोव्हेंबरातच डोकं धरून बसतात. 'अर्ली डिसिजन' की 'अर्ली ॲक्शन'? पहिल्यात एकाच कॉलेजला शब्द द्यायचा. त्यांनी घेतलं की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. दुसऱ्यात उत्तर लवकर मिळतं आणि १ मेपर्यंत मन बदलायची मुभाही असते. यातलं काय निवडायचं, हे सांगायला तिकडे सल्लागार असतात आणि ते चांगले पैसे घेतात.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात हे काम फुकटात होतं. दहावीचा शेवटचा पेपर झाला रे झाला की सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावकडच्या गावांत मोटारसायकली फिरू लागतात. एका गाडीवर ज्युनिअर कॉलेजचे दोन सर. "काका, पोरगी आमच्याचकडे टाकजा. पुस्तकं आमची, ड्रेस आमचा, एसटीचा पास आमचा." (मुलींना बारावीपर्यंत पास सरकारच फुकट देतं, पण सरांच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं.) निकाल लागायच्या आधीच टीसी कुठे जाणार ते ठरलेलं असतं. सरांचंही काय चुकलं म्हणा! पट घसरला की तुकडी जाते आणि तुकडी गेली की शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत सर 'अतिरिक्त' ठरतात.

२०२५ साली अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. तोवर ही भानगड मुंबई, पुणे, नागपूर अशा महानगरांपुरतीच होती. तिथे नामांकित कॉलेजात एकेका जागेसाठी झुंबड, म्हणून यादी लागते. इथे जागाच पोरं शोधत दारोदार फिरतात. नियम मात्र दोघांना एकच: शंभर रुपये भरा, अर्जाचा भाग एक, भाग दोन, दहापर्यंत पसंतीक्रम. २१ मे रोजी संकेतस्थळाने पहिल्याच दिवशी मान टाकली आणि मुहूर्त २६ मेवर गेला, तोही दोघांना सारखाच.

खरी मेख पुढे आहे. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की प्रवेश घ्यायलाच हवा. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. म्हणजे अर्ली डिसिजनच की! फरक एवढाच की तिकडे पोरगं स्वतः सही करतं. इकडे लॉगिन आणि पासवर्ड सरांच्या डायरीत, आणि ओटीपी बापाच्या मोबाइलवर. बाप तेंदूपत्त्याच्या फळीवर पुडके मोजून देत उभा. तेवढ्यात सरांचा फोन: "काका, आकडा आला असंल, सांगजा." काका आकडा सांगतात. लेकीच्या दोन वर्षांचा निकाल तिथेच लागतो.

हुशार पोरगी मात्र यातूनही वाट काढते. नाव गावच्या कॉलेजात, मुक्काम नागपुरात, नीटच्या क्लासला. हजेरी दोन्हीकडे लागते. बारावीच्या प्रात्यक्षिकाला ती गावी येते, प्रयोगशाळा कोणत्या बाजूला ते शिपायाला विचारते आणि तीसपैकी तीस घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत जाते.