तोंडावर बोलणारे स्पीकर

घरातल्या बेडरूमचा स्टुडिओ करणारा गृहस्थ ओळखायला सोपा. त्याच्या खिशात किल्ल्यांबरोबर मोजायची टेप असते. दोन स्पीकरमधलं अंतर आणि प्रत्येक स्पीकरपासून स्वतःच्या डोक्यापर्यंतचं अंतर सारखं हवं, स्पीकरमधला वरचे सूर काढणारा ट्विटर कानाच्या उंचीवर हवा. हा त्रिकोण एकदा साधला, की खुर्चीच्या पायांभोवती फरशीवर चिकटपट्ट्या लागतात. मावशी पोछा घेऊन आल्या, की स्वारीचा श्वास अडकतो.

तुमच्या-माझ्या दिवाणखान्यातल्या स्पीकरांना तो ‘गोडबोले’ म्हणतो. वाईट गाण्यालाही छान म्हणणारे. त्याला हवेत तोंडावर बोलणारे. त्याचं दैवत यामाहाचे एनएस-10, पांढऱ्या शंकूंचे. खरं तर 1978 साली ते घरगुती म्हणूनच बाजारात आले, पण बस्तान बसलं ते स्टुडिओच्या टेबलांवर. यांच्यावर बरं वाजलं तर कुठेही बरं वाजेल, असा तिथला हिशेब. आवाज इतका टोचरा, की काही रेकॉर्डिस्ट ट्विटरवर टिश्यू पेपर चिकटवायचे. 2001मध्ये ते बनायचे बंद झाले, म्हणून यानं जुनी जोडी मिळवली. टिश्यू एकपदरी की दोनपदरी, यावर तो जेवण थंड होईपर्यंत बोलू शकतो.

दोष मात्र खोलीचा, आणि तो बिल्डरनं फुकट दिलेला. दहा बाय दहा! दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींत 56 हर्ट्झच्या आसपासचा खर्ज अडकून घुमतो, आणि खोली चौरस असल्यानं आडवा-उभा दोन्हीकडून तोच. बास गिटारची ‘ए’ तार 55ची. म्हणजे ती भिंतीपाशी गडगडते आणि खोलीच्या मधोमध बेपत्ता. नेमकी तिथेच याची खुर्ची.

आधी त्यानं भिंतीला अंड्यांचे ट्रे लावले. घरात अंडं चालत नाही, ट्रे चालले. त्यांनी वरचा किणकिणाट जरा कमी झाला, खर्ज ढिम्म हलला नाही. मग आरसा. हा खुर्चीत, वहिनी भिंतीला आरसा लावून सरकतायत. आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथे रॉकवूलचं पॅनल ठोकायचं. युक्ती शंभर टक्के बरोबर आहे. फक्त वहिनींची भाजी तेवढ्यात करपते.

या साऱ्यातून निघालेलं संगीत म्हणाल, तर सोसायटीच्या गणपतीची एक आरती. तिचंही मिक्सिंग बाकी आहे.

दिवाळीला माहेरची मंडळी येणार म्हणून वहिनींनी माळ्यावरच्या कापसाच्या गाद्या काढल्या आणि या खोलीच्या कोपऱ्यांत छतापर्यंत रचून ठेवल्या. संध्याकाळी सवयीनं यानं मापाचा माइक लावला, तर आलेखातला डोंगर बराच खचलेला. खर्ज कोपऱ्यांत साचतो आणि तो शोषायला जाडी लागते, हे त्याला तोंडपाठ होतं. त्यासाठी आठ महिने तो परदेशी फोमचे भाव काढत होता.

गाद्या अजून तिथेच आहेत. पाहुणे चटईवर झोपले.