सम्राटाच्या भावाचं खाजण

— मग काकू, पॅरिस कसं काय?

— पॅरिसचं काय सांगायचं, ते फोटोत सगळ्यांचं पाहून झालंय. तू दोव्हिलचं ऐक. लेक म्हणाली, आई, रविवारी समुद्रावर जाऊ. म्हटलं, अगो, सगळा जन्म रत्नागिरीत गेला माझा, मला कसला समुद्र दाखवतेस? तर जावई हसत म्हणाले, तिथे समुद्र बघायला कोणी जातच नाही.

— मग काय बघायला जातात?

— एकमेकांना! आणि खोटं नाही हो ते. पॅरिसच्या सँ लाझार स्टेशनात गाडीत बसायचं, दोन तासांच्या वर थोडा वेळ गेला की शेवटचं स्टेशन. तिथे तूक नावाची नदी समुद्राला मिळते. तिच्या एका काठाला त्रूव्हिल, दुसऱ्या काठाला दोव्हिल. एक जुनं, कोळ्यांचं. दुसरं मुद्दाम वसवलेलं, पैसेवाल्यांचं. आणि मधली नदी हाताच्या अंतरावर असून दोघांचं कधी धड जमलं नाही.

— म्हणजे आपल्या वरच्या आळीतल्या त्या दोघी जावा.

— हळू बोल, थोरली मागल्या दारी धुणं वाळत घालतेय. तर हे दोव्हिल वसवलं कुणी, ते ऐकण्यासारखं आहे. मॉर्नी म्हणून एक ड्यूक होता. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन, त्याचा भाऊ.

— सख्खा?

— तिथेच तर गंमत आहे! आई एक, बाप वेगळे. आई ओर्तांस, हॉलंडची राणी, पहिल्या नेपोलियनच्या भावाची बायको. नवऱ्याशी तिचं पटेना. फ्लाओ नावाच्या एका उमद्या सरदारावर तिचा जीव जडला, आणि १८११ साली गुपचूप हे पोर झालं. नोंदवलं तिसऱ्याच कुणाच्या नावावर. वाढवलं फ्लाओच्या आईने. ती बाई कादंबऱ्या लिहायची.

— घरातच एवढं असल्यावर कादंबऱ्या सुचायला काय जातंय!

— अगो, पुढे ऐक. हा फ्लाओसुद्धा म्हणे कागदोपत्री ज्याचा, त्याचा नव्हताच. तालेरां नावाचा तो मोठा मुत्सद्दी, त्याचा म्हणत. म्हणजे दोन पिढ्यांची परंपरा. एवढं असून पोर कुठे लपूनबिपून राहिलं नाही. दोघे भाऊ एकमेकांना भेटले तेच मोठेपणी. १८५१ च्या डिसेंबरात धाकट्याने थोरल्याला सत्ता बळकावायला मदत केली. त्या दिवशी सकाळी हाच गृहमंत्री! वर्षभरात थोरला सम्राट झाला, आणि ह्याचा भाव वधारला तो वधारलाच.

— आणि दोव्हिल?

— दोव्हिल म्हणजे वर टेकडीवर एक बारकं खेडं आणि खाली नदीच्या तोंडाशी नुसतं खाजण. गुरं चरायची तिथे. पलीकडे त्रूव्हिलला मात्र तोवर बडी मंडळी यायला लागली होती, जागांचे भाव चढले होते. ह्याने काय केलं, साधारण १८६० च्या सुमारास एक बँकवाला आणि एक डॉक्टर भागीदार घेऊन अख्खं खाजण विकत घेतलं. भराव घातले, सरळसोट रस्ते आखले, प्लॉट पाडून विकले. १८६३ ला रेल्वे आणली, १८६४ ला घोड्यांच्या शर्यतींचं मैदान सुरू.

— रेल्वे येणार हे आधीच ठाऊक असणार त्याला.

— तुला जे दोन मिनिटांत कळलं ते तेव्हाच्या पॅरिसला कळलं नसेल होय? पण बोलणार कोण, सम्राटाचा भाऊ! आणि मला खरी मजा वाटली ती डॉक्टरची. ऑलिफ त्याचं नाव, पॅरिसच्या ब्रिटिश वकिलातीचा डॉक्टर. त्या काळी समुद्रात पोहायला कोणी जात नसे, समुद्रस्नान हे औषध होतं. किती वेळ पाण्यात राहायचं, किती बुचकळ्या मारायच्या, सगळं डॉक्टर लिहून द्यायचे. आता जो औषध लिहून देतो तोच औषधाच्या दुकानात भागीदार!

— हे तर अजून चालू आहे हो काकू.

— चालू दे. बायकांच्या अंघोळीची रीत ऐकून तर मी चाटच पडले. चाकांची लाकडी खोली असायची. बाई आत बसून कपडे बदलायची, घोडा ती खोली ओढत पाण्यापर्यंत न्यायचा. मग लोकरीचा झगा घालून बाई पायऱ्यांवरून उतरायची, आणि तिथला नेमलेला गडी तिला धरून थंडगार पाण्यात बुडवून काढायचा.

— परका पुरुष?

— परकाच. आणि वर किनाऱ्यावर बसलेल्यांनी दुर्बिणी लावायच्या. लाज कुठे राखायची आणि कुठे सोडायची ह्याचा हिशेब प्रत्येक गावाचा निराळा, दुसरं काय! पण बहुतेक जणी पाण्यात जातच नसत. बुदँ म्हणून त्याच भागातला एक चित्रकार, दर्यावर्दी माणसाचा मुलगा. त्याने १८६० नंतर त्रूव्हिलच्या पुळणीची कितीतरी चित्रं काढली. त्यातल्या बायका बघ, घेरदार झगे, टोप्या, छत्र्या, वाळूत खुर्च्या टाकून घोळक्याने बसल्यात. समुद्र मागे राहिलाय बिचारा. सम्राटाची राणीसुद्धा आहे एका चित्रात, ते १८६३ चं. मी लेकीला म्हटलं, ह्या काय करतायत ते मला सांगायला नको. कुणाचं कुणाशी चाललंय, हेच.

— आपण निदान खुर्च्या तरी टाकत नाही.

— आपल्याला गडगा पुरतो. मोने ठाऊक आहे ना, तो कमळांची चित्रं काढणारा? तोही १८७० च्या उन्हाळ्यात त्रूव्हिलला आला होता, नव्या नवरीला घेऊन. लग्न जूनमध्ये, आणि सोबत तीन वर्षांचा मुलगा!

— इश्श! कुणाचा?

— दोघांचाच गो. लग्नाला उशीर झाला, एवढंच. त्याने वाळूत बसून बायकोचं चित्र काढलं, ते आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्या रंगात पुळणीवरच्या वाळूचे कण अडकलेत, अजून आहेत. वारा असणार त्या दिवशी. आणि त्याच जुलैत फ्रान्सचं प्रशियाशी युद्ध पेटलं. सम्राट पकडला गेला, राज्य बुडालं.

— आणि तुमचा मॉर्नी?

— तो आधीच गेला, १८६५ ला. आपलं गाव पुरतं नांदतं झालेलं काही त्याने पाहिलं नाही. पुढे समुद्रही रुसला. गोट्यांचा आणि वाळूचा बांध पडत गेला, पाणी हवेल्यांपासून लांब सरकलं. समुद्राला लागून म्हणून जागा घेतलेल्यांची तोंडं कशी झाली असतील! आज बघशील तर बंगले मागे, मग हिरवळ, मग टेनिसची मैदानं, मग वाळू, आणि ओहोटी असली तर पाणी कुठेतरी पार पलीकडे.

— खाजण बुजवलं की समुद्र कुठेतरी वचपा काढतोच. हर्णैला आमच्या काकांनी...

— तुझ्या काकांचं नंतर. मधे दोव्हिल बरीच वर्षं निपचित पडलं होतं, त्रूव्हिल जोरात. मग भांडण झालं. त्रूव्हिलचा कसिनो, म्हणजे जुगाराचा अड्डा पण झुंबरांचा, तो कोर्न्युशे नावाचा माणूस चालवायचा. पॅरिसचं ते ‘मॅक्सिम्स’ नावाचं हॉटेल नावारूपाला आणणारा हाच. त्याचं आणि त्रूव्हिलच्या नगरपालिकेचं बिनसलं. तो उठला, नदी ओलांडली, आणि १९१२ ला दोव्हिलला नवा कसिनो, शेजारी ‘नॉर्मंडी’ हॉटेल, सगळं थाटलं. गिऱ्हाईक त्याच्या मागोमाग अलीकडून पलीकडे.

— नगरपालिकेने हात चोळले असतील.

— अजून चोळतायत. लगेच पुढच्या वर्षी एका तरुण बाईने तिथे दुकान काढलं. शनेल.

— सेंटवाली?

— तीच, पण तेव्हा टोप्या विकायची. भांडवल तिच्या इंग्रज मित्राचं, सगळ्या गावाला ठाऊक. पण बाई हुशार. कोळ्यांचे, खलाशांचे ढगळ सदरे बघितले, आणि जर्सीचं साधं कापड, जे पुरुषांच्या आतल्या कपड्यांना वापरत, त्याचे बायकांचे कपडे शिवले. १९१४ ला युद्ध सुरू झालं, पॅरिसच्या श्रीमंत बायका पळून दोव्हिलला आल्या, त्यांना धावपळीत घालण्याजोगं काहीतरी हवं होतं. ते हिच्याकडे होतं. मला विचारशील तर त्या सगळ्या गावात स्वतःच्या अकलेवर पुढे आलेली ही एकच.

— आणि आता काय आहे तिथे?

— आता बघण्यासारख्या त्या छत्र्या. लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या, ओळीने. मिटलेल्या असल्या की कमरेला बांधलेल्या. आणि पुळणीच्या कडेने लाकडी फळ्यांची वाट, १९२३ सालची. बायकांचे झगे वाळूत मळू नयेत म्हणून केलेली. लाकूड पश्चिम आफ्रिकेतलं, पाण्यापावसाला दाद न देणारं. वाटेला लागून अंघोळीच्या खोल्यांची रांग, आणि दोन खोल्यांमधल्या कठड्यांवर अमेरिकन नटनट्यांची नावं रंगवलेली. दर सप्टेंबरात तिथे अमेरिकन सिनेमांचा महोत्सव भरतो, १९७५ पासून. लोक त्या नावांपुढे उभं राहून फोटो काढतात. पाण्याकडे पाठ! बुदँने काढलेल्या बायकांच्या पतवंडांनी रीत सोडलेली नाही.

— तुम्ही काढलात?

— जावयांनी काढला. नाव कुणाचं होतं ते मी काही वाचलं नाही. आणि घोडे! ऑगस्टात शर्यती, आणि शिंगरांचा लिलाव. पुण्यातला आगाखान पॅलेस पाहिलायस ना, गांधीजींना ठेवलं होतं तो? तो बांधणाऱ्या आगाखानांच्या घराण्याची घोड्यांची पैदास ह्याच भागात, नॉर्मंडीत. पॅलेस बांधणाऱ्या त्या एकट्या आगाखानांच्या घोड्यांनी इंग्लंडची डर्बी पाच वेळा मारली.

— घोड्यांचं राहू द्या. कोळ्यांच्या गावात गेलात की नाही?

— गेलो की. भरतीला तर असते, तूकवरची, छोटीशी होडी. ओहोटीला पाणी उतरलं की पायी जायला साकव. आम्ही गेलो तेव्हा पाणी होतं, तर बसलो होडीत. मला त्रूव्हिलच आवडलं, सांगते. घरं एकमेकांना टेकलेली, बोळ चढणीचे, आणि नदीकाठाला मासळीबाजार. १९३६ चं बांधकाम ते, २००६ ला आगीत गेलं, तर होतं तसंच पुन्हा उभारलं.

— आणि मासळी काय काय?

— मला कुठली कळायला! सपाट असे मासे होते, दोन्ही डोळे एकाच बाजूला.

— लेपे.

— आणि काळ्या शिंपल्यांचा ढीगच्या ढीग. उकडून तळलेल्या बटाट्यांबरोबर टोपभर आणून ठेवतात. लेक-जावयांनी दोन टोप संपवले, माझ्यासमोर.

— शिणाणे! अहो काकू, आणि तुम्ही बटाटे खात बसलात?

— बटाटे बरे होते. कोळणी मात्र इकडच्यासारख्याच, गिऱ्हाईक घुटमळलं की ऐकवतात. शब्द कळला नाही पण सूर कळला.

— भाव काय होता लेप्यांचा?

— ते नाही विचारलं. पण तू विचारतेस तसंच मी एक विचारलं. त्या दोन्ही गावांना मिळून स्टेशन एकच. नाव त्रूव्हिल-दोव्हिल. त्रूव्हिल आधी.

— जुनं गाव ते, मान त्याचाच.

— हो, पण स्टेशन उभं आहे दोव्हिलच्या हद्दीत.

— अगोबाई! मग त्याची घरपट्टी कोण घेतं?

— हेच मी जावयांना विचारलं. तर म्हणतात, आई, तुम्हाला तिथल्या नगरपालिकेत निवडून द्यायला हवं.